पडद्यावर मोडणारे ‘कऱ्हाड’

मा. संपादक,
सा. न. वि. वि.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. तेव्हापासून वाचकांच्या पत्रांत दुकानांच्या पाट्या, मराठी शाळा, बँकेतले फॉर्म अशा विषयांवर पुष्कळ लिहून येते आणि मी ते सगळे वाचते. पण तुमचे हे पान, मुलांच्या शाळेचा अंक, दारात येऊन पडणारी लग्नपत्रिका ज्या सॉफ्टवेअरमध्ये जुळवली जाते, त्यात मराठीला कुठल्या कोपऱ्यात बसवले आहे याबद्दल कोणी लिहिलेले माझ्या वाचनात आले नाही. माझा सगळा दिवस त्याच पडद्यासमोर जातो, म्हणून मी लिहिते आहे.

मी साताऱ्यात १९९४ पासून डीटीपीचे, म्हणजे छपाईसाठी संगणकावर मजकूर जुळवून पाने लावण्याचे काम करते. पत्रिका, बारशाची कार्डे, बिलबुके, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल, दशक्रियेची निवेदने. पेजमेकरवर हात बसला, मग कोरल ड्रॉ आले, मग इतर. या धंद्यात सॉफ्टवेअर बदलते तेव्हा आम्ही तक्रार करत नाही, शिकून घेतो. पण दोन वर्षांपूर्वीच्या वैशाखात जे घडले, त्यानंतर गप्प राहणे मला जमेना.

एका आजोबांनी नातीच्या लग्नाची पत्रिका माझ्याकडे दिली होती. प्रूफ तीनदा वाचून झाले. रात्री साडेनऊला, फाईल प्रेसला जाण्याच्या बेताला, त्यांचा फोन आला, “ताई, माझ्या नावाखाली गावाचं नाव घाला, तेवढंच राहिलंय.” मी एक नवा टेक्स्ट बॉक्स काढला, ‘कऱ्हाड’ टाइप केले, साइज नऊ पॉइंट ठेवली, फाईल कर्व्ह केली आणि पाठवून दिली. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते, फाईल कर्व्ह केली की अक्षरांची चित्रे होतात. मग फाँट नसलेल्या मशीनवरही ती जशीच्या तशी उघडते, पण शब्द दुरुस्त करता येत नाहीत. सहाशे पत्रिका छापून आल्या. त्यांवर क होता, मग पाय मोडलेला ऱ, मग सुटा ह. नऊ पॉइंटात तो मोडका पाय एवढासा दिसतो. रात्री साडेनऊला, सकाळपासून पडदा बघून थकलेल्या डोळ्यांना तो दिसला नाही.

आजोबा रागावले नाहीत. पत्रिका डोळ्यांजवळ नेऊन एवढेच म्हणाले, “गावाचं नावच मोडलं की हो.” मी सहाशे पत्रिका माझ्या खर्चाने पुन्हा छापून दिल्या. पैसे गेले ते गेले. ते वाक्य मला अजून ऐकू येते.

मोडले कसे, ते समजून घ्यायला मला दोन रात्री लागल्या. देवनागरी अक्षरे ज्या क्रमाने टाइप करतो त्या क्रमाने नुसती एकापुढे एक ठेवून चालत नाही. ‘वि’ लिहिताना कळ दाबतो आधी व ची, मग वेलांटीची. पण वेलांटी उमटायला हवी व च्या अलीकडे. रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढतो. आणि ऱ्य, ऱ्ह यांत र ची आडवी चंद्रकोर होते, ती तर मराठीची मोठीच गरज. ‘आचार्यास’ बोलावले तर गुरुजी येतील आणि ‘आचाऱ्यास’ बोलावले तर स्वयंपाकी. फरक तेवढ्या एका चंद्रकोरीचा. ही सगळी जुळणी करणारा एक भाग सॉफ्टवेअरच्या आत असतो. आम्ही पैसे भरून वापरतो त्या सॉफ्टवेअरमध्येही तो आहे आणि काम उत्तम करतो. मात्र नव्या फाईलमध्ये तो आपणहून चालू नव्हता. परिच्छेदाच्या पॅनेलच्या कोपऱ्यात तीन बारीक आडव्या रेघा असतात. त्यांवर क्लिक केले की लांबलचक यादी उघडते आणि त्या यादीत खाली एका ‘कंपोझर’ला निवडावे लागते. माझ्या जुन्या बॉक्सांना तो लावलेला होता. ऐनवेळी काढलेल्या नव्या बॉक्सला नव्हता. सॉफ्टवेअरचे नाव मी लिहीत नाही, कारण हीच अडचण वेगवेगळ्या रूपांत मी आणखी दोन ठिकाणी पाहिली आहे. एके ठिकाणी तर प्रेफरन्समध्ये जाऊन ‘दक्षिण आशियाई’ असा पर्याय निवडायचा आणि सॉफ्टवेअर बंद करून परत उघडायचे, तेव्हा कुठे वेलांटी जागेवर येई.

माझे वडील खिळ्यांचे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरे हाताने जुळवणारे कंपोझिटर होते. त्यांच्या केसमध्ये, म्हणजे खिळे ठेवायच्या लाकडी खणात, प्रत्येक खिळ्याला घर ठरलेले होते आणि घरांची मांडणी उगाच नव्हती. काना, अनुस्वार, त, र, न, य ही घरे मोठी आणि हाताशी. ङ आणि ञ लांब वरच्या कोपऱ्यात. “हात न बघता खिळ्यावर गेला पाहिजे,” असे ते म्हणत आणि लहानपणी मला डोळे मिटून खिळे काढायला लावत. ओळ जुळवायच्या स्टिकमध्ये चुकीचा खिळा आला तर बोटाला कळायचे. ज्याने ती केस आखली, त्याला मराठी वाक्यात कुठले अक्षर किती वेळा लागते ते ठाऊक होते. सोयीचे अवजार म्हणजे काय, हे मी त्या लाकडी केसपाशी शिकले.

पाने लावण्याचे सॉफ्टवेअर पेजमेकर १९८५ साली आले. ते काढणारे पॉल ब्रेनर्ड स्वतः वृत्तपत्राच्या कामातून आलेले होते आणि ‘डेस्कटॉप पब्लिशिंग’ हा शब्दही त्यांचाच. पानाभोवती जी मोकळी जागा असते, जिथे आपण ब्लॉक, चौकटी बाजूला काढून ठेवतो, ती म्हणजे जुन्या पेस्टिंगच्या टेबलाची प्रतिकृती. बटर पेपरवरच्या ओळी कापून, रबर सोल्युशनने चिकटवून पान लावलेल्या माणसाला ती जागा पहिल्या दिवशीच ओळखीची वाटली. मला वाटली. टेबलापाशी उभा राहून काम केलेला माणूस सॉफ्टवेअर बनवतो तेव्हा असे होते. मराठी अक्षरजुळणीच्या टेबलापाशी मात्र आजची सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांपैकी कोणी उभे राहिलेले दिसत नाही.

माझी भाची पुण्यात इंटरॅक्शन डिझाइन, म्हणजे सॉफ्टवेअर माणसाला वापरायला सोपे कसे करायचे ते शिकते. दिवाळीत ती आली तेव्हा मी तिला ती पत्रिका दाखवली. ती म्हणाली, “मावशी, तुझ्या एकटीची तक्रार असली तर ते म्हणतील, बाईंना येत नाही. आपण पाच जणांना बसवून बघू.” पाचच का, असे मी विचारले. तेव्हा तिने या विषयातले तज्ज्ञ याकोब नील्सन यांचे नाव सांगितले. मोठमोठ्या चाचण्यांपेक्षा पाचेक माणसांना काम करताना नीट पाहिले तरी बहुतेक मोठ्या अडचणी उघड्या पडतात, हा त्यांचा मुद्दा १९९० च्या दशकापासून या क्षेत्रात मानला जातो. आणि माणसाला “तुला काय वाटते?” असे विचारत बसायचे नाही, त्याला खरे काम द्यायचे आणि करता करता मनात येईल ते मोठ्याने बोलायला सांगायचे.

आम्ही दुकानात पाच जण बसवले. दोन माझ्यासारखे जुने ऑपरेटर, आयटीआयचा डीटीपीचा कोर्स केलेला एक मुलगा, एक फ्लेक्सवाला आणि शाळेचा वार्षिक अंक स्वतः जुळवणाऱ्या एक बाई. काम एकच: सहा ओळींची पत्रिका, त्यात ‘शुभविवाह’, ‘श्रीकृपेकरून’, ‘वऱ्हाडी मंडळी’, ‘कऱ्हाड’ आणि खाली मुलांची ‘आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं!’ ही ओळ. नवी फाईल उघडून सुरुवात. मदत करायची नाही. ही अट मला फार जड गेली. समोर माणूस अडला आहे, उत्तर आपल्याला माहीत आहे आणि तोंड बंद ठेवायचे. भाचीने माझ्या हातात वही दिली म्हणून बसू शकले.

त्या दुपारी पाहिलेल्या गोष्टी मी विसरणार नाही. आयटीआयच्या मुलाला वेलांटी पुढे पडलेली लगेच दिसली. तो मेन्यूमध्ये ‘लँग्वेज’ शोधत राहिला, कारण त्याच्या मते ही भाषेची गोष्ट होती, आणि ते बरोबरच आहे. ‘कंपोझर’ हा शब्द त्याच्या नजरेखालून दोनदा गेला. “हे गाण्याचं काहीतरी असेल,” असे म्हणून तो पुढे गेला. फ्लेक्सवाल्याने फाँट बदलून पाहिला, मग दुसरा, मग तिसरा. त्याची खात्री होती की फाँटच खराब आहे. फाँटच्या यादीत प्रत्येक नावापुढे नमुना दिसतो, पण तो रोमन अक्षरांत. त्यामुळे देवनागरी कशी दिसेल हे फाँट लावल्याशिवाय कळत नाही आणि तो एकेक लावत बसला. दोन जुन्या ऑपरेटरांपैकी एकाने अडचण दिसताच दुसरे सॉफ्टवेअर उघडले, तिथे ओळ टाइप केली, कर्व्ह केली आणि उचलून इकडे आणली. पाचांत सर्वात कमी वेळ त्याला लागला. नुसते घड्याळ पाहिले असते तर तोच सगळ्यांत यशस्वी म्हणावा लागला असता. पण त्याच्या पत्रिकेत तारीख बदलायची वेळ आली असती तर सगळे पुन्हा पहिल्यापासून.

आणि बाई. त्यांनी ‘कऱ्हाड’ चार वेळा टाइप केले. प्रत्येक वेळी पाय मोडलेला ऱ पाहून खोडले आणि आणखी सावकाश, एकेक कळ बघून टाइप केले. मोठ्याने बोलायला सांगितले होते म्हणून त्या बोलत होत्या, “नाही, माझंच काहीतरी चुकतंय. थांबा हं, माझंच चुकतंय.” तीस वर्षे मुलांचे शुद्धलेखन तपासणारी बाई, जिने एकही कळ चुकीची दाबली नव्हती. मी वहीत ते वाक्य लिहिले आणि त्यापुढे मला काही लिहिता येईना.

नंतर भाचीने सगळ्यांना दहा प्रश्न विचारले. सॉफ्टवेअर वापरायला किती सोपे वाटते हे मोजायची ही दहा प्रश्नांची पद्धत जॉन ब्रुक यांनी १९८६ साली बनवली. उत्तरांवरून शंभरपैकी गुण काढतात आणि जगभर ती वापरतात. प्रश्न आम्ही मराठीत करून विचारले. ज्यांना सर्वात जास्त त्रास झाला त्या बाईंनी सॉफ्टवेअरला सर्वात जास्त गुण दिले! “मोठ्या कंपनीचं आहे, चांगलंच असणार, मला सराव नाही,” असे त्या म्हणाल्या. आपल्याकडे पाहुण्याघरचा चहा गोड नसला तरी छान झालाय म्हणतात, तसे झाले. कंपन्या अशा गुणांवर विसंबून ‘भारतातले वापरणारे समाधानी आहेत’ असे म्हणत असतील, तर त्यांनी आमच्याकडच्या दुकानात एक दुपार बसून पाहायला हवे.

दुसऱ्या दिवशी आम्ही पत्रिकेच्या उरलेल्या कोऱ्या कार्डांवर पेन्सिलीने पडदा काढला आणि त्यात बदल सुचवायला लागलो. माझी पहिली कल्पना साधी होती: वरच्या पट्टीवर ‘मराठी’ असे एक ठळक बटण. मला ती फार आवडली होती. भाची म्हणाली, माणसांपुढे ठेवून बघू. त्याच पाच जणांना कार्ड दाखवले. तिघांना वाटले, हे दाबले की सगळे मेन्यू मराठीत होतील. त्यांनी ते दाबायचे नाही असे ठरवले, कारण कमांडच्या जागा आणि नावे त्यांना इंग्रजीतच पाठ आहेत. माझी कल्पना तिथेच सोडून दिली.

मग विचार केला की माणसाने बटण शोधावेच कशाला? युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या जागतिक पद्धतीत, देवनागरीला स्वतःचा ठरलेला पट्टा आहे. पहिले अक्षर टाइप होताक्षणी सॉफ्टवेअरला कळते की ही देवनागरी आहे. मग जुळणी करणारा भाग त्या क्षणी त्यानेच चालू करावा. जुन्या फाईलमध्ये तसे करणे धोक्याचे असेल, ओळी सरकत असतील, तर मोडलेल्या अक्षराखाली लाल नागमोडी रेघ यावी आणि विचारावे, ‘हे अक्षर सुटे झाले आहे. जोडू का?’ हे दुसरे कार्ड पाचही जणांना न सांगता कळले. बाईंनी बोट ठेवून विचारले, “म्हणजे हे आधीपासून असं करता आलं असतं?”

फाँटच्या यादीतला नमुना आपण निवडलेल्या मजकुराचाच दिसावा, हे तिसरे कार्ड फ्लेक्सवाल्याने स्वतः काढले. चौथे माझे. ओळींमधले अंतर ‘ऑटो’ ठेवले की ते रोमन अक्षरांच्या मापाने धरले जाते. वरच्या ओळीचा ऊकार आणि खालच्या ओळीची मात्रा एकमेकांत अडकतात. देवनागरी मजकुराला ऑटो अंतर वेगळे हवे. पाचवे भाषेच्या निवडीचे. शासनाने प्रमाण ठरवलेला पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श अनेक चांगल्या फाँटमध्ये असतात, पण मजकुराची भाषा ‘मराठी’ अशी निवडलेली नसेल तर हिंदी वळणाची अक्षरे येतात. किती ऑपरेटरांना हे ठाऊक आहे? मलाच गेल्या वर्षी कळले.

हे सगळे अशक्य आहे, मोठी सॉफ्टवेअर बदलत नाहीत, असे मला एकदोघांनी सांगितले. ते खरे नाही. ब्लेंडर या त्रिमितीय चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये वस्तू निवडायला वर्षानुवर्षे माउसचे उजवे बटण लागे. नवखा माणूस तिथेच अडायचा. २०१९ साली २.८० आवृत्तीत त्यांनी डावे बटण मूळ ठरवले, पडद्याची मांडणी नव्याने केली आणि जुन्या लोकांना उजव्या बटणाचा पर्यायही ठेवला. फोटो सुधारायच्या गिंप या सॉफ्टवेअरच्या सुट्या सुट्या खिडक्यांना लोक कंटाळले होते. २०१२ च्या २.८ आवृत्तीत सगळे एका खिडकीत घेता येऊ लागले. त्याच आवृत्तीत ‘सेव्ह’ आणि ‘एक्सपोर्ट’ वेगळे केले, त्यावर जुने लोक बरेच चिडले. मला दोन्ही बाजू पटतात. माझ्या बोटांत तीस वर्षांचे शॉर्टकट आहेत. कोरल ड्रॉमध्ये एफ ७ दाबले की लंबवर्तुळ, कंट्रोल क्यू म्हणजे कर्व्ह. एखाद्या अपडेटनंतर कमांड दुसरीकडे गेली की लग्नसराईत अख्खा दिवस वाया जातो. त्यामुळे नवे करताना जुन्या हातांना वाट ठेवावी, हेही तितकेच आग्रहाने सांगते. स्क्रायबस या पाने लावायच्या मोफत सॉफ्टवेअरची गोष्ट तर मला फार मोलाची वाटते. त्यात अरबी नीट जुळत नव्हती, म्हणून ओमानमधल्या विकासकांनी मेहनत घेतली. २०१७ च्या आवृत्तीत ते काम आले आणि त्याच कामामुळे आपली देवनागरीही त्यात नीट जुळू लागली. कुणीतरी आपल्या लिपीसाठी बसले आणि शेजारच्यांचेही भले झाले. आपल्यापैकी कोण असे बसले?

म्हणून माझ्या मागण्या तीन ठिकाणी आहेत. सॉफ्टवेअर कंपन्यांनी मराठीची चाचणी प्रयोगशाळेत ‘नमस्ते’ टाइप करून आटोपू नये. एकदा आमच्या धंद्यातल्या माणसांना नव्या फाईलपासून पत्रिका करायला बसवावे आणि गप्प बसून पाहावे. शासनाची कार्यालये, महामंडळे, विद्यापीठे डिझाइनचे सॉफ्टवेअर खरेदी करतात. निविदेत ‘मराठी चालते’ एवढ्यावर भागवू नये. ‘कऱ्हाड’, ‘आचाऱ्यास’, ‘साताऱ्यातील’, ‘निर्णय’, ‘विश्वविद्यालय’ असे दहावीस शब्द द्यावेत आणि कुठलीही सेटिंग न बदलता नव्या फाईलमध्ये ते बरोबर उमटले तरच पुढे जावे. याला एक पैसा खर्च नाही. राज्य मराठी विकास संस्थेने अशी शब्दयादी काढली तर आम्ही ऑपरेटर ती आनंदाने तपासून देऊ. आणि माझ्या व्यवसायबंधूंना विनंती, अडलात तर दुसऱ्या सॉफ्टवेअरमधून कर्व्ह करून आणून काम उरकू नका. किमान एक ईमेल कंपनीला करा, मोडलेल्या अक्षराचे चित्र जोडून. आपण तिसाव्या मिनिटाला पळवाट काढतो म्हणून ती अडचण त्यांच्यापर्यंत कधी पोचतच नाही.

पाच कार्डे आणि वहीची ती पाने माझ्या दुकानात टेबलाच्या खणात आहेत. ती पाहायची असतील, किंवा स्वतः येऊन एखाद्या ऑपरेटरशेजारी बसायचे असेल, तर कोणत्याही कंपनीच्या, कॉलेजच्या माणसाने जरूर यावे. दुकान सकाळी दहाला उघडते. लग्नसराईत आलात तर जास्त बरे. तेव्हा खरे काम दिसेल.

आपली,
एक अक्षरजुळणीकार, सातारा
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)